मूळ वही आणि बाहेर गेलेली प्रत

आपल्या शाळेच्या कचेरीत, लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, कापडी पुठ्ठ्याची एक जाडजूड वही ठेवलेली असते. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. तुम्ही प्रथम शाळेत पाऊल टाकले त्या दिवशी तुमचे नाव, आईवडिलांची नावे, जन्मतारीख, जन्मगाव हे सारे तिच्यात लिहिले गेले. आणि शाळा सोडताना तुमच्या हाती जो दाखला पडेल, तो त्या वहीवरूनच उतरवलेला असेल. वही शाळेचा उंबरठा ओलांडीत नाही. दाखला मात्र गावोगाव फिरतो. पुढचे विद्यालय, नोकरी, पासपोर्ट, सर्वत्र लोक पाहतात तो दाखला. वही पाहण्यास कोणी येत नाही. म्हणजे लोक विश्वास ठेवतात ती प्रत एक, आणि तो विश्वास जिच्यामुळे सार्थ ठरतो ती प्रत दुसरी.

या दोहोंत अंतर पडले तर काय होते, हे नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीने मला शिकवले. एका विद्यार्थिनीचे आडनाव वहीत चुकीचे चढले होते. तिच्या वडिलांनी रीतसर अर्ज केला, वरिष्ठ कचेरीची मंजुरीही आली. त्या दिवशी कारकून रजेवर असल्यामुळे दाखला लिहिण्याचे काम मजकडे आले. मंजुरीचा कागद समोर ठेवून मी दाखल्यावर अचूक आडनाव लिहिले, मुख्याध्यापकांची सही घेतली आणि कागद फाइलीत लावून टाकला. वहीतील दुरुस्ती ‘उद्या करू’ म्हणून राहिली, ती राहिलीच.

पुढे काही वर्षांनी एका पावसाळ्यात तिच्या घरात पाणी शिरले आणि तो दाखला भिजून गेला. नर्सिंगच्या प्रवेशासाठी तिने दुसरी प्रत मागितली. नव्या कारकुनांनी नियमाप्रमाणे ती वहीवरून उतरवली, आणि पुसून गेले असे वाटलेले चुकीचे आडनाव पुन्हा उगवले. गुणपत्रिकेवर एक नाव, दाखल्यावर दुसरे! मंजुरीचा जुना कागद शोधून काढीपर्यंत पहिल्या यादीतील तिची जागा गेली. दुसऱ्या यादीत तिला प्रवेश मिळाला हे तिचे दैव. त्यात माझा काही पराक्रम नाही.

मी कलाशाखेचा पदवीधर. संगणकाचे शास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु आमच्या संगणक-शिक्षकांनी एके दिवशी बोलता बोलता मला सांगितले, की सॉफ्टवेअरच्या जगातही एक ‘वही’ असते आणि एक ‘दाखला’ असतो. आणि त्या दोहोंत अंतर पडल्यामुळे २०२४ साली साऱ्या जगावर मोठे संकट येता येता टळले. तेव्हा माझ्या मनात ती जुनी चूक जागी झाली आणि या विषयाचा मी यथाशक्ति अभ्यास केला. तोच आज तुमच्यापुढे मांडीत आहे.

१. लिहिलेली भाषा आणि यंत्राची भाषा

संगणकाला जे काम करावयाचे असते त्याच्या आज्ञा मनुष्य एका विशिष्ट भाषेत लिहितो. त्या लिखाणास सोर्स कोड म्हणतात. मनुष्याने लिहिलेला असल्यामुळे तो दुसऱ्या जाणकाराला वाचता येतो. यंत्राला मात्र तो जसाच्या तसा कळत नाही; त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करावे लागते. हे रूपांतर म्हणजे नुसत्या अंकांची रांग असते. ती वाचून मूळ लेखकाचा हेतू काय होता हे ओळखणे अत्यंत कष्टाचे काम आहे.

माझी घरची भाषा कोंकणी आणि वर्गातील भाषा मराठी. मनात कोंकणीत आलेला विचार मी मराठीत बोलतो तेव्हा तुम्हांस फक्त मराठी वाक्य ऐकू येते. मूळ विचार कोणता होता ते माझे मलाच ठाऊक. संगणकाच्या बाबतीत अशी स्थिती धोक्याची ठरते. जे यंत्र आपली पत्रे, आपले पैसे आणि रुग्णालयातील नोंदी सांभाळते, त्याला नेमके काय सांगितले गेले आहे हे कोणाला तरी वाचता आले पाहिजे. म्हणूनच लिनक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स कोड सर्वांसाठी उघडा ठेवतात. ज्यास इच्छा असेल त्याने वाचावा, तपासावा, सुधारावा.

परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो. वाचणारा जो सोर्स कोड वाचतो, त्यापासूनच यंत्रातील प्रोग्राम तयार झाला आहे कशावरून? या एका प्रश्नावर आजचा सारा पाठ उभा आहे.

२. भांडार

मोठा प्रोग्राम एका बैठकीत लिहून होत नाही. शेकडो माणसे, निरनिराळ्या देशांत बसून, वर्षानुवर्षे त्यात भर घालीत असतात. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली आणि का बदलली, याची नोंद ठेवणारी एक व्यवस्था त्यासाठी लागते. अशा व्यवस्था १९७० नंतरच्या दशकात निर्माण होऊ लागल्या. आज सर्वांत अधिक वापरात असलेली व्यवस्था म्हणजे गिट. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्डस यांनी ती २००५ साली लिनक्सच्याच कामासाठी रचली. गिटने जपलेल्या या सर्व इतिहासाला रिपॉझिटरी, म्हणजे भांडार, म्हणतात.

गिटची एक युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रत्येक नोंदीतील मजकुरावर गणित करून ती एक ४० चिन्हांची खूण काढते. तिला हॅश म्हणतात. मनुष्याच्या अंगठ्याचा ठसा जसा, तसा हा मजकुराचा ठसा होय. मजकुरातील एखादा स्वल्पविराम जरी बदलला, तरी सबंध ठसा बदलून जातो. शिवाय प्रत्येक नव्या नोंदीत तिच्या आधीच्या नोंदीचा ठसा गुंफलेला असतो. त्यामुळे जुन्या पानावर कोणी गुपचूप खाडाखोड केली, तर पुढच्या साऱ्या पानांचे ठसे बिघडतात आणि चोरी उघडकीस येते. आमच्या जनरल रजिस्टरला असे ठसे असते तर किती बरे झाले असते!

प्रोग्रामची एखादी आवृत्ती प्रसिद्ध करावयाची ठरली, की त्या वेळच्या नोंदीवर एक नावाची चिठ्ठी लावतात. तिला टॅग म्हणतात. टॅगवर लेखकाला गणिती सहीही करता येते. ‘या क्षणी भांडारात जे आहे तीच माझी अमुक आवृत्ती’ असे ते प्रतिज्ञापत्र असते.

३. गाठोडे

भांडार हे कारागिराचे कामाचे ठिकाण झाले. गिऱ्हाइकाला सबंध कारखाना नको असतो. त्याला तयार वस्तू हवी असते. म्हणून एका आवृत्तीच्या सर्व फाइली एकत्र बांधून, दाबून, त्यांचे एक गाठोडे करतात. त्याला टारबॉल म्हणण्याची प्रथा आहे. हे झाले मूळ लेखकाचे गाठोडे.

यापुढे दुसरा हात लागतो तो संकलकांचा. सामान्य माणूस प्रत्येक प्रोग्राम निरनिराळ्या लेखकांकडून गोळा करीत बसत नाही. डेबियनसारख्या संस्था ते काम करतात. डेबियनची स्थापना इयान मर्डॉक यांनी १९९३ साली केली. जगभरचे स्वयंसेवक ती चालवितात. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांची वार्षिक परिषद आपल्याच देशात, कोची येथे भरली होती. त्या वर्षी निघालेल्या डेबियनच्या १२ व्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती. प्रत्येक पॅकेजाची जबाबदारी कोणा एका व्यक्तीने किंवा लहानशा गटाने घेतलेली असते. त्या जबाबदार व्यक्तीस मेंटेनर म्हणतात.

डेबियनच्या सोर्स पॅकेजाचे सामान्यतः तीन भाग असतात. पहिला, मूळ लेखकाचे गाठोडे, होता होईल तो जसेच्या तसे. दुसरा, डेबियनने आपल्या गरजेप्रमाणे केलेले फेरबदल. यांतील प्रत्येक दुरुस्तीची फाइल स्वतंत्र असते आणि तिला पॅच, म्हणजे ठिगळ, म्हणतात. शिंप्याने लावलेले ठिगळ मूळ कापडाहून वेगळे ओळखू यावे, हाच त्यातील हेतू. तिसरा भाग म्हणजे यादी: कोणत्या फाइली आहेत, त्यांचे ठसे कोणते, आणि खाली मेंटेनरची सही. ही यादी म्हणजे दाखल्यावरील शिक्का समजा.

आता आपल्या दोन प्रती स्पष्ट झाल्या. भांडार ही वही, पॅकेज हा दाखला. लेखक आणि परीक्षक वाचतात ते बहुधा भांडार; कोट्यवधी यंत्रांत जाऊन बसते ते पॅकेजापासून तयार झालेले रूप.

४. अंतर कसे पडते?

दोन प्रतींत अंतर पडण्याची कारणे अनेक आहेत. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी, काही निष्काळजीपणाची आणि एखादेच दुष्टपणाचे असते.

पहिले कारण रूढीचे. काही फाइली मनुष्य लिहीत नाही. दुसरे प्रोग्राम त्या तयार करून देतात. ज्या यंत्रावर प्रोग्राम बांधावयाचा त्याची पाहणी करणारी ‘कॉन्फिगर’ नावाची फाइल ही त्यांपैकीच. यंत्राने निर्माण केलेल्या अशा हजारो ओळी भांडारात ठेवून उपयोग काय, म्हणून त्या तेथे ठेवीत नाहीत. परंतु गिऱ्हाइकाची सोय म्हणून गाठोड्यात घालतात. त्यामुळे गाठोड्यात भांडाराहून काही अधिक असणे ही अनेक वर्षांची सर्वमान्य रीत होऊन बसली. ‘अधिक आहे, पण ते नेहमीचेच’ असे म्हणून कोणी त्याकडे पाहीनासे झाले.

दुसरे कारण घाईचे. पॅकेजात एखादा गंभीर दोष सापडला आणि मेंटेनर जागेवर नसला, तर डेबियनमधील दुसरा अधिकारी सभासद दुरुस्ती करून पॅकेज पाठवू शकतो. ही सोय आवश्यकच आहे. परंतु ती दुरुस्ती भांडारात उतरवून घेण्याचे राहून गेले, तर मेंटेनर परत येतो, आपल्या भांडारातून पुढची आवृत्ती बांधतो, आणि बरा झालेला दोष पुन्हा जिवंत होतो. मित्रहो, तुमच्या लक्षात आलेच असेल की मी त्या मुलीच्या बाबतीत जे केले ते अक्षरशः हेच होते. दाखला सुधारला, वही सुधारली नाही.

तिसरे कारण याच्या उलट. भांडारात काम झालेले असते, पण पॅकेज जुनेच असते. किंवा पॅकेज पाठविले जाते पण टॅग लावण्याचे राहते. मग अमुक पॅकेज भांडारातील कोणत्या पानावरून निघाले, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

चौथे कारण बांधणीचे. मजकूर तोच, पण गाठ निराळी. ३० जानेवारी २०२३ रोजी गिटहब या प्रसिद्ध भांडारगृहाने गाठोडी दाबण्याची आपली पद्धत किंचित बदलली. आतील फाइलींत एका अक्षराचाही फरक नव्हता. परंतु गाठोड्यांचे ठसे बदलले, आणि जुने ठसे जुळवून पाहणाऱ्या असंख्य यंत्रणा एकाएकी थांबल्या. तो बदल लगोलग मागे घ्यावा लागला. यावरून एवढे शिकावे की ठसा कशाचा घ्यावयाचा, गाठोड्याचा की आतील मजकुराचा, हे आधी ठरविले पाहिजे.

पाचवे कारण कपटाचे. त्याची हकीकत स्वतंत्रपणेच सांगितली पाहिजे.

५. गुड फ्रायडेच्या दिवशीची बातमी

एक्सझेड युटिल्स नावाचा एक प्रोग्राम आहे. फाइली दाबून लहान करणे हे त्याचे काम. लासे कॉलिन नावाचे गृहस्थ वर्षानुवर्षे तो जवळजवळ एकट्याने, फावल्या वेळात सांभाळीत होते. त्याची मोठीशी कीर्ती नव्हती. पण घराच्या पायातील दगडासारखा तो असंख्य लिनक्स यंत्रांत बसलेला होता.

२०२१ च्या सुमारास जिया टॅन असे नाव धारण करणारी एक व्यक्ती तेथे मदतीस आली. हे नाव खरे मानले जात नाही. दोन वर्षांहून अधिक काळ तिने उपयोगी काम केले. याच सुमारास काही अनोळखी नावांनी कॉलिन यांच्यावर तगादा सुरू झाला, की तुमचे काम मंद आहे, दुसऱ्या कोणाच्या हाती कारभार द्या. थकलेल्या माणसाने मदतनिसावर विश्वास टाकला. आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा अधिकार हळूहळू जिया टॅनकडे आला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. या दोन्ही आवृत्तींच्या गाठोड्यांत एक फाइल अशी होती की तिचे ते रूप भांडारात नव्हते. तिचे नाव ‘बिल्ड-टू-होस्ट’. दिसावयास ती बांधणीच्या नेहमीच्या साहाय्यक फाइलींपैकीच एक. भांडार वाचणाऱ्याला ती दिसणे शक्य नव्हते. गाठोडे उघडणाऱ्याला ती ‘नेहमीची जास्तीची’ वाटणार. प्रोग्राम बांधला जात असता ही फाइल जागी होई, चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या दोन दाबलेल्या फाइलींतून लपविलेला मजकूर बाहेर काढी आणि तो तयार होणाऱ्या प्रोग्राममध्ये मिसळून देई. तेही सर्वत्र नव्हे. विशिष्ट प्रकारच्या लिनक्स यंत्रासाठी, डेबियन किंवा रेड हॅट यांच्या पद्धतीचे पॅकेज बांधले जात असेल तेव्हाच. परीक्षक आपल्या घरी सहज बांधून पाहील तर त्याला काहीच आढळू नये, अशी ही योजना होती.

परिणाम काय होणार होता? दूरच्या यंत्रात शिरण्यासाठी व्यवस्थापक जे दार वापरतात, त्याचे नाव एसएसएच. डेबियनसह काही संकलनांत या दाराशी एक्सझेडचा भाग अप्रत्यक्षपणे जोडलेला होता. ज्याच्याजवळ ती गुप्त किल्ली असेल त्याला पासवर्डावाचून हे दार उघडून यंत्राला हवी ती आज्ञा देता आली असती.

हे उघडकीस आणले आंद्रेस फ्रॉइंड यांनी. ते पोस्टग्रेस या माहितीसाठ्याच्या प्रोग्रामवर काम करणारे अभियंते. डेबियनच्या ‘अस्थिर’ आवृत्तीवर काही वेगमापन करीत असता त्यांना दिसले, की एसएसएचच्या दारातून आत जाण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. अर्धा सेकंद! डोळ्याचे पाते लवण्याहून थोडाच अधिक वेळ. दुसरा कोणी दुर्लक्ष करता. त्यांनी त्याचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्व हकीकत जाहीर केली. तो गुड फ्रायडेचा दिवस होता. जगभरचे स्वयंसेवक सुट्टी सोडून आपापली भांडारे तपासण्यास बसले.

दैवयोगाने ती विषारी आवृत्ती डेबियनच्या स्थिर संकलनात पोहोचलेली नव्हती. फक्त चाचणीच्या संकलनांत होती. डेबियनने तत्काळ मागील निर्दोष आवृत्ती पुन्हा बसविली. आवृत्तीचा क्रमांक मागे नेता येत नाही, म्हणून त्या पॅकेजाचे नाव ‘५.६.१, खरोखर ५.४.५’ अशा अर्थाचे ठेवले गेले. पाटीवर एक आणि आत दुसरे. पण येथे पाटीनेच ते प्रामाणिकपणे सांगितले होते.

६. उपाय

या घटनेने एक गोष्ट स्पष्ट केली. विषाचा साठा चाचणीच्या फाइलींच्या रूपाने भांडारातही होता. परंतु तो जागा करणारी ठिणगी केवळ गाठोड्यात होती. गाठोडे आणि भांडार यांची ओळीओळीने तुलना कोणी केली असती, तर ती एक फाइल वेगळी पडली असती. म्हणून उपायांचा भर या तुलनेवरच आहे.

पहिला उपाय, दाखला नेहमी वहीवरूनच उतरवावा. लेखकाने आपल्या यंत्रावर हाताने बांधलेले गाठोडे घेण्याऐवजी, भांडारातील सही केलेल्या टॅगवरून पॅकेज तयार करावे. यंत्राने निर्माण होणाऱ्या फाइली संकलकाने स्वतः नव्याने निर्माण कराव्यात. आयत्या घेऊ नयेत.

दुसरा उपाय, उतरवण्याचे काम मनुष्याच्या विसराळू हातून काढून घ्यावे. डेबियनमध्ये इयान जॅक्सन यांनी ‘डीगिट’ नावाचे साधन रचले. ते पॅकेज पाठवितानाच त्याच मजकुराची गिटमधील नोंदही ठेवते, आणि दोन्ही एकरूप नसल्यास काम पुढे जाऊ देत नाही. त्याच मार्गावरील पुढचे पाऊल म्हणजे ‘टॅग-टू-अपलोड’ ही सेवा. ती २०२५ मध्ये वापरात आली. तीत मेंटेनर केवळ भांडारात सही केलेला टॅग लावतो. पॅकेज बांधण्याचे काम मध्यवर्ती यंत्र त्या टॅगवरूनच करते. म्हणजे दाखला लिहिणारा आणि वहीत लिहिणारा असे दोन हात उरतच नाहीत.

तिसरा उपाय पहाऱ्याचा. डेबियनमध्ये ‘व्हीसीएसवॉच’ नावाची एक यंत्रणा पॅकेजे आणि त्यांची भांडारे यांची फेरी घालून, कोणते भांडार पॅकेजाच्या पुढे आहे आणि कोणते मागे राहिले आहे, याची यादी दाखविते. चूक शोधून कोणाला लाजविणे हा तिचा उद्देश नाही. ‘उद्या करू’ म्हणून राहिलेल्या गोष्टींची ती आठवण देते.

चौथा उपाय पुढील टप्प्याचा. २०१३ पासून डेबियनमध्ये ‘रिप्रोड्यूसिबल बिल्ड्स’ नावाचा उपक्रम चालू आहे. एकाच सोर्स पॅकेजापासून दोन माणसांनी दोन ठिकाणी बांधलेले प्रोग्राम अक्षरशः एकरूप निघावेत, हे त्याचे ध्येय. सोर्स पॅकेज आणि यंत्रातील रूप यांमधील दुवा त्यामुळे पक्का होतो. परंतु सोर्स पॅकेज आणि भांडार यांमधील दुवा ढिला असेल, तर विषारी गाठोड्यापासून दोघांनाही एकसारखाच विषारी प्रोग्राम मिळेल. साखळीतील एकच कडी बळकट करून भागत नाही.

७. एक सावधगिरी

येथे कोणी शंका घेईल, की दोन्ही प्रती जुळल्या म्हणजे सर्व कुशल आहे काय? नाही. वहीतच जन्मतारीख चुकीची असेल, तर दाखला वहीशी तंतोतंत जुळूनही चुकीचाच राहील. तेव्हा प्रत वहीशी जुळते एवढ्याने वही खरी ठरत नाही. परंतु प्रत वहीशी जुळत नसेल, तर वही वाचून तपासणाऱ्याचे सारे कष्ट वाया जातात. जुळणी ही सत्याची हमी नव्हे. सत्य शोधण्याची पूर्वअट आहे.

आपल्या मराठीच्या इतिहासातही याचे एक उज्ज्वल उदाहरण आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरविल्या जाता जाता त्यांत अपपाठ शिरले. एकनाथमहाराजांनी शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ग्रंथ शुद्ध करून सिद्ध केला. आणि त्यांच्या नावे असलेल्या समारोपाच्या ओव्यांत, यात कोणी आपली भर घालू नये, अशी ताकीदही आहे. जास्तीची ओवी सुंदर असो वा नसो, ती मूळ वहीत नव्हती हाच तिच्यावरील आक्षेप. पोथीचे संशोधन आणि पॅकेजाची तपासणी यांत चारशे वर्षांचे अंतर असले, तरी दोन्हींचा प्रश्न एकच: हे शब्द कोठून आले?

आणि एक गोष्ट विसरू नये. एक्सझेडच्या कपटाला वाट मिळाली ती केवळ तांत्रिक फटीतून नव्हे. एकाकी, थकलेल्या माणसाच्या खांद्यावर साऱ्या जगाने भार टाकला होता म्हणूनही मिळाली. ज्याच्या वहीवर आपण विसंबून असतो, त्याच्या मदतीस वेळीच जाणे, हाही सुरक्षिततेचाच एक भाग आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काही जण पुढे प्रोग्राम लिहितील, काही जण कचेरीत नोंदी ठेवतील, काही जण औषधे देतील, काही जण मजसारखे शिक्षक होतील. कोठेही गेलात तरी तुमच्या हाती एक मूळ वही असेल आणि तुमच्या सहीने एक प्रत बाहेर जाईल. त्या प्रतीत दुरुस्ती केलीत, तर वहीत ती त्याच क्षणी करा. मी आता कोणताही दाखला तपासावयाचा झाला म्हणजे वही उघडून डाव्या हाताचे बोट नोंदीवर आणि उजव्या हाताचे दाखल्यावर ठेवतो, आणि दोन्ही मजकूर मोठ्याने वाचतो. कचेरीत कोणी हसते, हसू द्या. ती मुलगी आज परिचारिका आहे. तिच्या दाखल्याची तिसरी प्रत मागितली गेलीच, तर ती वहीवरूनच उतरवली जाईल आणि अचूक असेल, कारण ती दुरुस्ती आता वहीत आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. भांडार आणि सोर्स पॅकेज यांतील भेद शाळेतील एखाद्या दुसऱ्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. गाठोड्यात भांडाराहून अधिक फाइली असण्याची रूढी सोयीची होती. तिचा गैरफायदा कसा घेतला गेला?

३. पॅकेजातील दुरुस्ती भांडारात न उतरवल्यास पुढील आवृत्तीत काय घडते?

४. ‘जुळणी ही सत्याची हमी नव्हे, सत्य शोधण्याची पूर्वअट आहे.’ या विधानाचे विवेचन करा.